नर्सिंगला पदवी हवीच का? बारावीनंतर कोर्स आणि कॉलेज कसं निवडायचं

महाराष्ट्रात नोंदणीकृत परिचारिका किंवा ब्रदर म्हणून वॉर्डात काम करायला आज दोन कोर्स चालतात: तीन वर्षांची जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पदविका आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी. दोन्हीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाच्या भरतीला दोघंही बसू शकतात. मग पदवीच सक्तीची करावी का, हा वाद अधूनमधून पेटतो आणि बारावीच्या मुलांच्या घरी त्याचा गोंधळ होतो. "जीएनएम बंद होणार आहे म्हणे, आता कशाला करायचं?" हे वाक्य 2019 पासून ऐकू येतं. त्या वर्षी जीएनएम टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या हालचाली खरोखर झाल्या होत्या, पण अभ्यासक्रम चालू राहिला. ज्यांनी अफवेवर विश्वास ठेवून प्रवेश घेतला नाही, त्यांचं वर्ष मात्र गेलं.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पदवी हे योग्य ध्येय आहे. पण बारावीच्या मुलामुलींनी आज कोर्स निवडताना पदवी की पदविका याच्या आधी एक गोष्ट बघावी: शिकताना समोर रुग्ण किती असणार आहेत. रुग्ण नसलेल्या कॉलेजातली पदवी ही भरलेल्या रुग्णालयातल्या पदविकेपेक्षा कमी कामाची ठरते. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका मुद्द्याभोवती आहे.

कोणता कोर्स कशासाठी

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) हा दोन वर्षांचा कोर्स आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. त्यातून उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली आरोग्यसेविका तयार होते: लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी. मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात स्टाफ नर्स व्हायचं असेल तर एएनएम पुरत नाही. नोंदणी झालेली एएनएम पुढे जीएनएमला प्रवेश घेऊ शकते, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेतून चालते, इंग्रजी विषय हवा आणि एकूण 40 टक्के गुण हवेत. विज्ञान असेल तर सोपं जातं, पण सक्ती नाही. वय 17 ते 35. राज्यात या कोर्सच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान लागते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून 45 टक्के, मागासवर्गीयांना 40, आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे पास. बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांना इथे प्रवेश नाही, मग 90 टक्के असले तरी. 2021-22 पासून नवा अभ्यासक्रम आठ सत्रांचा झाला आणि शेवटच्या सत्रात 22 आठवड्यांची इंटर्नशिप आली. राज्यातली ही कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात.

चौथा पर्याय म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी. जीएनएम करून नोंदणी झाली की दोन वर्षांत पदवी. म्हणजे थेट पदवीला चार वर्षं आणि जीएनएममधून आलं तर पाच. फरक एका वर्षाचा आहे, आणि मधल्या काळात नोकरी करता येते. घरची परिस्थिती बेताची असेल तर हे एक वर्ष फार महाग पडत नाही.

जीएनएमची मुलगी वॉर्डात कमी पडते आणि बी.एस्सी.ची पुढे असते, असं सरसकट म्हणता येत नाही. पहिल्या सहा महिन्यांत तर अनेकदा उलटं दिसतं, कारण चांगल्या सरकारी किंवा महापालिकेच्या नर्सिंग स्कूलमधल्या मुलींनी तीन वर्षं भरलेल्या वॉर्डात घालवलेली असतात. फरक नंतर जाणवतो: आजाराची कारणमीमांसा, संशोधन वाचणं, वॉर्डाचं नियोजन, शिकवणं.

पदवी कुठे लागते, कुठे नाही

एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट ही परीक्षा असते. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना किमान 50 खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. पगाराची पातळी दोघांना एकच, सातवी, मूळ वेतन 44,900 रुपयांपासून. गल्लत इथे होते: मुलगी गावाजवळच्या 20 खाटांच्या दवाखान्यात दोन-तीन वर्षं मन लावून काम करते आणि अर्जाच्या वेळी कळतं की हा अनुभव धरतच नाहीत. दुसरी गल्लत दाखल्याची. अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आणि पद स्पष्ट हवं. "आमच्याकडे समाधानकारक काम केले" एवढ्या एका ओळीचा दाखला कागदपत्र तपासणीत टिकत नाही. नोकरी सोडतानाच नीट दाखला मागून घ्या. दोन वर्षांनी मालक बदललेला असतो किंवा दवाखाना बंद झालेला असतो.

रेल्वेच्या स्टाफ नर्स भरतीत जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी नर्सना सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम लागतो. नव्या बी.एस्सी.त तो भाग आधीच घातलेला आहे. प्रत्येक जाहिरातीतली अट वेगळी असते, तेवढी वाचायची.

शिकवण्याच्या क्षेत्रात जायचं असेल तर पदवी लागतेच. पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगची शिक्षिका) व्हायला बी.एस्सी. आणि अनुभव, पुढे एम.एस्सी. इथे एक आकडा लक्षात ठेवा: एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाला बी.एस्सी.त एकूण 55 टक्के लागतात, शिवाय एक वर्षाचा अनुभव. "पास झालं की बास" म्हणत 52 टक्क्यांवर सुटलेल्यांना हा रस्ता बंद होतो. पहिल्या सत्रापासून एकूण टक्केवारीवर नजर ठेवा.

सैन्यदलाच्या नर्सिंग सेवेसाठी चार वर्षांची बी.एस्सी. आहे. अविवाहित मुलींसाठी, नीटच्या गुणांवर. देशभरातल्या सहा कॉलेजांत मिळून 220 जागा, त्यातल्या 40 पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात आणि 40 मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात. शिक्षणाचा खर्च सैन्यदल करतं, पण नंतर सेवा बंधनकारक असते. विज्ञान शाखेच्या मुलींनी नीट याचसाठी द्यावी, डॉक्टर व्हायचं नसलं तरी.

परदेशाचं चित्र देशागणिक बदलतं. कॅनडात क्यूबेक सोडून सगळीकडे नोंदणीकृत परिचारिकेला पदवी लागते. फिलिपिन्समध्ये चार वर्षांची पदवी हाच प्रवेश आहे. जर्मनीत मात्र तीन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण हाच परिचारिकेचा मुख्य रस्ता आहे, त्यामुळे आपली जीएनएम तिथे विचारात घेतात. जर्मन भाषा बी-2 (वरच्या मध्यम) पातळीपर्यंत यावी लागते आणि अभ्यासक्रमातली तफावत भरून काढायला तिथे परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण असतं. ब्रिटनमध्ये स्वतःच्या देशातल्या मुलांना पदवी सक्तीची आहे, पण बाहेरून येणाऱ्या नोंदणीकृत नर्सला संगणकावरची परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा देऊन नोंदणी मिळते. इंग्रजीसाठी आयेल्ट्समध्ये 7, लेखनात 6.5. एजंट "जीएनएम आहे म्हणजे परदेश विसरा" किंवा "पदवी आहे म्हणजे लगेच व्हिसा" म्हणाला तर दोन्ही खोटं आहे.

पदवी सक्तीची करावी का

हा प्रश्न धोरणाचा आहे, पण ज्यांना या व्यवसायात आयुष्य काढायचं आहे त्यांनी त्यावर मत बनवायला हवं. पुढच्या दहा वर्षांत नियम बदलले तर झळ त्यांनाच बसणार.

पदवीच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या 9 देशांतली 300 रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले 4 लाख 22 हजारांहून जास्त रुग्ण तपासले. रुग्णालयात पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं की रुग्ण 30 दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी कमी दिसली. हा निष्कर्ष सगळेच सांगतात. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र सोयीस्करपणे गाळला जातो: प्रत्येक नर्सवर एक रुग्ण वाढला की तीच शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. शिक्षण आणि मनुष्यबळ दोन्ही सारख्याच वजनाचे ठरले.

आता आपल्याकडे या. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयाच्या (वैद्यकीय कॉलेजला जोडलेल्या) साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. रात्रपाळीला 40 रुग्णांच्या वॉर्डात दोन सिस्टर धावताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा निकष कागदावरचा वाटतो. अशा वॉर्डात पदवीधर नर्स ठेवली तरी तिला विचार करायला वेळच उरत नाही. उद्या जीएनएम बंद केली, तर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणारे हात आणखी कमी होतील आणि मोकळी जागा कुठलंही प्रमाणपत्र दाखवणारी, नोंदणी नसलेली माणसं भरतील. छोट्या दवाखान्यांत हे आजही चाललेलं आहे.

इंग्लंडने सप्टेंबर 2013 पासून नर्सिंगचे सगळे नवे प्रवेश पदवीचे केले. 2017 मध्ये शिक्षणवेतन काढून घेतलं आणि अर्ज घटले, पुढे 2020 मध्ये अनुदान परत द्यावं लागलं. शिवाय 2019 पासून नर्सच्या खालची, दोन वर्षं शिकलेली 'नर्सिंग असोसिएट' ही नोंदणीकृत पातळी आणली. वरचं दार उंच केलं की खाली काहीतरी बांधावंच लागतं, हे त्यांना करून पाहिल्यावर कळलं. न्यूयॉर्क राज्याने 2017 च्या कायद्यात वेगळी वाट धरली: नवी नर्स पदविकेवर कामाला लागू शकते, पण दहा वर्षांत तिने पदवी पूर्ण करायची. आधीपासून कामावर असलेल्यांना अट नाही.

आपल्याला न्यूयॉर्कची पद्धत जास्त मानवेल. आपल्याकडे 1946 पासून दिल्ली आणि वेल्लोरला पदवीचं शिक्षण आहे, मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज 1964 पासून आहे, आणि पोस्ट बेसिकची शिडी तयार आहे. उणीव आहे ती नोकरीतल्या जीएनएम नर्सना पगारी अभ्यासरजा मिळण्याची आणि जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या पोस्ट बेसिकच्या जागांची. त्या वाढवल्या तर सक्तीची वेळही येणार नाही. आणि पदवीधरांना पगारात काही फरक दिसायला हवा. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी पगाराची शिफारस केली: 200 हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारइतका, 50 पेक्षा कमी असतील तर किमान 20,000 रुपये. आज कितीतरी दवाखाने याच्या निम्म्यावर पदवीधर मुली ठेवतात. चार वर्षं आणि काही लाख रुपये घालून बाहेर पडलेल्या मुलीला बारा हजार हातात देऊन "तुझी पदवी महत्त्वाची आहे" असं म्हणायला तोंड हवं.

कॉलेज तपासायची पद्धत

इथे घाई करू नका. दोन दिवस यासाठी काढा, आणि त्यातला एक दिवस कॉलेजात नव्हे तर रुग्णालयात घालवा.

सुरुवात घरी बसून. कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत, चालू वर्षासाठी, त्याच कोर्ससाठी आहे का बघा. जीएनएमची मान्यता असलेली संस्था बी.एस्सी.चा फलक लावते, असं घडतं. बी.एस्सी. असेल तर विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांच्या यादीतही नाव आणि जागांची संख्या पडताळा. जागा 40 आणि वर्गात 60 मुलं असतील तर जास्तीच्या 20 जणांच्या परीक्षेचं काय होणार, हा प्रश्न तिथेच विचारा. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजची ठरवलेली फी त्यांच्या संकेतस्थळावर असते, ती लिहून न्या.

मग रुग्णालय. कॉलेजला स्वतःचं किमान 100 खाटांचं रुग्णालय असणं अपेक्षित आहे, खाटा साधारण 75 टक्के भरलेल्या असाव्यात आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण पडावेत. बाकी वॉर्डांसाठी जोडलेलं रुग्णालय 15 ते 30 किलोमीटरच्या आत. कागदावर हे सगळीकडे जुळतं. प्रत्यक्ष पाहायचं असेल तर तपासणीच्या किंवा प्रवेशाच्या गडबडीत जाऊ नका. एखाद्या मंगळवारी-बुधवारी सकाळी साडेसात-आठला रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबा. कॉलेजची बस येते का, गणवेशातली किती मुलं उतरतात, ती कोणत्या मजल्यावर जातात, आणि बरोबर शिक्षिका आहे का. शिक्षिका नसेल तर मुलं वॉर्डात फुकटचं मनुष्यबळ म्हणून राबतात, शिकत नाहीत. मग भेटीच्या वेळेत वॉर्डातून एक चक्कर मारा. खाटेवर चादर आहे आणि रुग्ण नाही, सलाईनच्या स्टँडवर धूळ आहे, प्रसूतिगृहाला कुलूप आहे, एवढं दिसलं तरी पुरे.

प्रसूतिगृह खास बघा. जीएनएम असो वा बी.एस्सी., मिडवाइफ म्हणूनही नोंदणी होते आणि ठरावीक संख्येने प्रसूती स्वतः करून लॉगबुकात नोंदवाव्या लागतात. ज्या रुग्णालयात महिन्याला मोजक्या प्रसूती होतात आणि वर्गात 50 मुलं आहेत, तिथे लॉगबुक कसं भरलं जातं याचा अंदाज तुम्हीच करा.

तिसरी भेट तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी, कॉलेजच्या आवाराबाहेर, चहाच्या टपरीवर. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं तर "चांगलं आहे" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी नेमकं विचारा: आजवर स्वतः किती आयव्ही (सलाईनसाठी शिरेतल्या सुया) लावल्या? आयसीयूत किती दिवस पोस्टिंग झालं? प्रोसिजर बुकवर सही कोण करतं, आणि समोर उभं राहून करतं की महिन्याच्या शेवटी गठ्ठ्यावर? आणि हे एक गणित घाला:

60 किलो वजनाच्या रुग्णाला डोपामाइन मिनिटाला किलोमागे 5 मायक्रोग्रॅम द्यायचं आहे. 250 मिली द्रवात 400 मिलीग्रॅम औषध आहे. पंप ताशी किती मिलीवर लावायचा?

मिनिटाला 5 गुणिले 60 म्हणजे 300 मायक्रोग्रॅम. तासाला त्याच्या साठपट, 18,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे 18 मिलीग्रॅम. द्रवाच्या एका मिलीत 400 भागिले 250, म्हणजे 1.6 मिलीग्रॅम. 18 भागिले 1.6, उत्तर ताशी 11.25 मिली. चुकतं ते दोन ठिकाणी: मिनिटाचा तास करायचा राहतो, नाहीतर मायक्रोग्रॅम आणि मिलीग्रॅममध्ये हजाराचा फरक विसरतो. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कागद-पेन घेऊन हे सुटायला हवं. चार-पाच जणांपैकी एकालाही सुटलं नाही, तर त्या कॉलेजात चार वर्षं घालवण्याआधी पुन्हा विचार करा. सुटलं तर पुढचं विचारा: पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत का द्यायचं नाही? हृदयाची लय बिघडून ते थांबू शकतं, हे कारण सांगणारी मुलं जिथे आहेत तिथे कोणीतरी मन लावून शिकवतं आहे. पदवीकडून आपण हेच मागतो: हात काय करतात ते डोक्याला ठाऊक असणं.

कॉलेजच्या आत फार वेळ घालवायची गरज नाही. कौशल्य प्रयोगशाळेतल्या पुतळ्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नसेल तर ते दिसतंच. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असायला हवा. हजेरीपटावरचे शिक्षक आणि खोलीत बसलेले शिक्षक यांची संख्या जुळते का, एवढं पाहा.

पैशांचं बोलणं लेखी करा. जाहीर फी एक असते आणि वसतिगृह, मेस, बस, गणवेश, विद्यापीठ नोंदणी, परीक्षा, 'क्लिनिकल चार्जेस' असे कप्पे मागाहून उघडतात. चारही वर्षांचा पूर्ण तक्ता शिक्क्यासह मागा. रोख रक्कम पावतीशिवाय देऊ नका. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने गुन्हा आहे. मूळ कागदपत्रं "कोर्स संपेपर्यंत आमच्याकडे राहतील" म्हणणाऱ्या संस्थेला नकार द्या. मध्येच कॉलेज सोडायची वेळ आली तर मुलं याच कागदांपायी अडकून पडतात.

सहा महिने किंवा एक वर्षाच्या 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' कोर्सबद्दल इतकंच: ते रुग्णसेवकाचं काम मिळवून देऊ शकतात, पण परिचर्या परिषदेत त्यावर नोंदणी होत नाही. फलकावर कितीही मोठ्या अक्षरात 'नर्सिंग' लिहिलेलं असो.

प्रवेशाची तयारी

बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. राष्ट्रीय नियमातला नमुना 100 गुणांचा आहे: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग कल, प्रत्येकी 20. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला 50 पर्सेंटाइल, मागासवर्गीयांना 40. बहुतेक मुलं जीवशास्त्रावर जोर देतात आणि इंग्रजी-कल हे 40 गुण वाऱ्यावर सोडतात. तेच सर्वात स्वस्तात मिळतात: रोज अर्धा तास इंग्रजी उतारा वाचन आणि टक्केवारी, गुणोत्तर, एकक बदल यांची साधी गणितं. नोंदणीची मुदत बारावीच्या निकालाच्या बरीच आधी संपते. निकालाची वाट पाहत बसलात तर वर्ष हातचं गेलं.

जीएनएम आणि एएनएमच्या प्रवेशाची पद्धत त्या त्या वर्षाच्या शासन सूचनेप्रमाणे चालते. शिवाय 1947 च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा 2023 मध्ये मंजूर झाला आहे, त्यामुळे येत्या काळात नियम हलणार. गेल्या वर्षी शेजारच्या मुलीला काय लागलं यावर जाऊ नका, चालू वर्षाची माहितीपुस्तिका डाउनलोड करून वाचा.

कागदपत्रांत अडतं ते जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयरपाशी. नॉन-क्रीमी लेयरची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे जुना दाखला असूनही अर्ज खुल्या प्रवर्गात पडतो. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं एका फाइलीत. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे सगळीकडे एकच ठेवा. पुढे परिषदेची नोंदणी आणि पासपोर्ट दोन्ही तिथेच अडतात.

मुलींसाठी महत्त्वाचं: जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश (कॅप) फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून थेट घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. "फेरीची वाट कशाला बघता, आजच सीट देतो" म्हणणारा माणूस तुमची चार वर्षांची फीमाफी घालवतो आहे, हे लक्षात ठेवा.

बंगळूरकडे नेणारे एजंट दरवर्षी मराठवाडा-विदर्भात फिरतात. तिकडे चांगली कॉलेजंही आहेत, पण वरची सगळी तपासणी तिथे जाऊन करा. परराज्यात शिकलात तर तिथल्या परिषदेत नोंदणी, मग ना-हरकत घेऊन महाराष्ट्राची, असे दोन टप्पे येतात. त्यात काही महिने जातात आणि त्या काळात इथल्या भरतीचा अर्ज हुकू शकतो.

कोर्स चालू असताना आणि नंतर

थिअरी आणि प्रात्यक्षिकाला 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी किंवा पदविका हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची 100 टक्के भरपाई करावी लागते. आजारपणात बुडालेली पोस्टिंग लगेच पुढच्या सुटीत भरून काढा. शेवटच्या वर्षी साठलेली भरपाई निकालानंतरचे महिने खाते.

कॉलेज सोडण्याआधी ट्रान्सक्रिप्ट घ्या, म्हणजे विषयवार थिअरी आणि प्रात्यक्षिकाच्या तासांचा सही-शिक्क्याचा तक्ता. परदेशी नोंदणीला तो लागतो आणि पाच वर्षांनी जुन्या कॉलेजातून काढणं जिवावर येतं. नोंदणी झाली की राष्ट्रीय नोंदणी प्रणालीतला विशिष्ट क्रमांकही घेऊन ठेवा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहे आणि त्यासाठी 150 तासांचं निरंतर शिक्षण दाखवावं लागतं. वर्षाला 30 तास धरून चला आणि प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.

जीएनएम करून आधीच नोकरीत असाल आणि पदवी घ्यायची असेल, तर पोस्ट बेसिकचं कॉलेजही याच पद्धतीने तपासा. इथली ठरलेली फसवणूक म्हणजे "ड्यूटी सोडायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो". नियमित पोस्ट बेसिक हा पूर्णवेळ कोर्स आहे. त्याच दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभवाचा दाखला आणि पूर्णवेळ हजेरी दोन्ही तुमच्या नावावर असतील, तर पदोन्नती किंवा व्हिसाच्या पडताळणीत तारखा समोरासमोर ठेवल्या जातात आणि दोन्ही कागद एकदम बाद होतात. सरकारी सेवेत असाल तर अधिसेविकांच्या (मेट्रनच्या) कार्यालयात अभ्यासरजेचा आणि सेवांतर्गत जागांचा अर्ज आधी द्या, मंजुरीचं पत्र हातात घ्या आणि मगच फी भरा.